गोठविलेल्या गांठीचा काप

मनुष्याच्या शरीरांत एखादी गांठ आढळली म्हणजे घरांतील सर्वांच्या मनांत एकच प्रश्न उभा राहतो: ही गांठ साधी कीं घातक? हातानें चांचपून या प्रश्नाचें निश्चित उत्तर मिळत नाहीं. कापून काढलेली गांठ नुसत्या डोळ्यांनीं पाहूनहि तें पुष्कळदां मिळत नाहीं. गांठीचा लहानसा कण घ्यावा, त्याचा अतिशय पातळ काप काढावा, तो रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरून त्यांतील पेशींची ठेवण पाहावी, तेव्हां कोठें विकृतिशास्त्रज्ञ आपला अभिप्राय देऊं शकतो.

हा काप काढण्याचा नेहमींचा मार्ग संथ आहे. कण प्रथम फॉर्मॅलिनमध्यें मुरत ठेवितात. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलांतून नेऊन त्यांतील पाणी काढून घेतात. अल्कोहोलाची जागा झायलीन नांवाच्या द्रवास देतात, आणि शेवटीं झायलीनच्या जागीं वितळलेलें पॅराफिन मेण भरितात. मेण थंड झालें कीं कण मेणाच्या वडींत घट्ट बसतो आणि त्याचे सुबक काप निघतात. हे काप स्पष्ट असतात व वर्षानुवर्षें टिकतात. परंतु त्यांस बहुधा एक रात्र तरी लागते, आणि कित्येकदां दोन-तीन दिवसहि जातात.

रोगी घरीं हिंडता-फिरता असेल तर हा विलंब सोसतां येतो. शस्त्रक्रिया चालू असतांना तो सोसतां येत नाहीं. तंबाखूच्या व्यसनामुळें आपल्या देशांत मुखाच्या कर्करोगाचें प्रमाण फार मोठें आहे. जिभेवरील असा रोग काढून टाकल्यावर शस्त्रवैद्यास हें जाणून घ्यावयाचें असतें कीं, उरलेल्या जिभेची कडा निरोगी आहे कीं तेथें अजून रोगाच्या पेशी दडलेल्या आहेत. अधिक कापावें तर रोग्याचें बोलणें व गिळणें बिघडतें. कमी कापावें तर रोग मागें राहतो. दुसरें उदाहरण नवजात बालकांचें. कोपनहेगनचे वैद्य हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनीं १८८६ मध्यें वर्णिलेल्या एका जन्मजात विकारांत मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागांत मज्जापेशी मुळांतच नसतात; त्यामुळें तो भाग मळ पुढें सारीत नाहीं. तो भाग काढून निरोगी आंतडें खालीं जोडावयाचें असतें. परंतु मज्जापेशी कोठून सुरू होतात हें बाहेरून खात्रीनें कळत नाहीं. बालकाचें पोट उघडें ठेवून मेणाची वाट पाहतां येत नाहीं, हें सांगावयास नको.

अशा वेळीं उपयोगी पडतो तो गोठविलेला काप, म्हणजेच 'फ्रोझन सेक्शन'. येथें मेणाचें काम बर्फाकडून करून घेतात. मांसाच्या कणांत बहुतांश पाणीच असतें; तें गोठलें कीं मऊ कण सुरीपुढें उभा राहण्याइतका कठीण होतो. एका कणाविषयींचा अभिप्राय सुमारें वीस मिनिटांत शस्त्रगृहांत पोंचावा असा दंडक चांगल्या प्रयोगशाळा पाळतात. मात्र कण नुसता गोठवून भागत नाहीं. तो वाटाण्याएवढा, वेडावांकडा व निसरडा असतो. त्याच्या भोंवतीं कांहीं तरी असें हवें कीं, जें त्यास सर्व बाजूंनीं धरील, सुरीखालीं डगमगूं देणार नाहीं, आणि काम झालें कीं निघून जाईल. त्या द्रव्यास आधारद्रव्य म्हणतां येईल. प्रयोगशाळेंत येणाऱ्या पाहुण्याचें त्याच्याकडे लक्षहि जात नाहीं. पण कापाचा खरेपणा पुष्कळसा त्यावरच अवलंबून असतो.

ही युक्ति जुनी आहे. एडिंबरोचे विल्यम रदरफोर्ड यांनीं १८७० नंतरच्या दशकांत जें गोठविणारें मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढण्याचें यंत्र, प्रचारांत आणिलें, त्यांत बर्फ आणि मीठ यांचें मिश्रण वापरीत. घरीं दांड्यानें फिरवावयाच्या भांड्यांत ज्यांनीं आइस्क्रीम केलें असेल, त्यांस या मिश्रणाचा प्रताप ठाऊक आहे. त्या यंत्रांत कणाभोंवतीं बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक पाण्यांत विरघळवून ओतीत. आधारद्रव्याचा हा आरंभींचा अवतार होय.

शस्त्रक्रिया चालू असतां निदान करण्याचा एक प्रयत्न १८९१ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत झाला. विल्यम हॅल्स्टेड हे शस्त्रवैद्य स्तनाची गांठ काढीत होते आणि विल्यम वेल्च हे कण गोठवून तपाशीत होते. पण वेल्च यांचा काप तयार होण्यापूर्वींच हॅल्स्टेड यांची शस्त्रक्रिया आटोपली! अभिप्राय बरोबर असून चालत नाहीं, तो वेळेवर असावा लागतो, हा धडा त्या दिवशीं मिळाला.

चौदा वर्षांनीं ही उणीव भरून निघाली. मिनेसोटा प्रांतांतील रॉचेस्टर येथें मेयो बंधूंचें प्रसिद्ध शस्त्रगृह होतें. तेथें १९०५ च्या आरंभीं लुई विल्सन हे विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. रोगी मेजावर असतांनाच गांठ घातक आहे कीं नाहीं तें सांगतां येईल असा कांहीं मार्ग काढा, असें विल्यम मेयो यांनीं त्यांस सुचविलें. मिनेसोटांतील हिंवाळा अतिशय कडक. विल्सन यांनीं पहिले कण खिडकीबाहेरच्या थंडींत गोठविले व त्यांचे काप मेथिलीन ब्ल्यू या रंगानें रंगवून पाहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं आपली रीत अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्या रीतींत कण गोठवितांना डेक्स्ट्रिनचें पाणी वापरावें असें सांगितलेलें आहे. डेक्स्ट्रिन हा पिष्टापासून होणारा चिकट पदार्थ, पाकिटांच्या व तिकिटांच्या खळींत पूर्वीं पुष्कळ वापरला जाणारा. म्हणजे या रीतीच्या पहिल्या पानापासूनच आधारद्रव्य तिच्या सोबत आहे.

पुढें १९३८ मध्यें कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत लिंडरस्ट्रॉम-लांग आणि मोगेन्सेन यांनीं सबंध मायक्रोटोमच एका शीतपेटींत बसविलें. तोंवर कण थंड असे, पण सभोंवारची हवा उबदार असे. शीतपेटींत कण, पातें व हवा हीं तिन्हीं ठरलेल्या थंडींत राहूं लागलीं. हीच आजची क्रायोस्टॅट नांवाची पेटी.

आतां पाणी गोठतें म्हणजे काय होतें तें पाहिलें पाहिजे. कारण या विद्येंतील बहुतेक दोष तेथेंच जन्मतात. पाणी सावकाश गोठलें तर त्याचे थोडे पण मोठाले स्फटिक बनतात. हे स्फटिक वाढतां वाढतां पेशींस बाजूला सारितात व फाडतात. काप काढल्यावर बर्फ वितळतो आणि त्याच्या जागीं भोंकें राहतात. तो काप मग जाळीदार आंबोळीसारखा दिसूं लागतो. याउलट पाणी झटकन् गोठलें तर असंख्य पण अतिसूक्ष्म स्फटिक होतात आणि पेशींची ठेवण बहुतेक जशीच्या तशी राहते. म्हणून पहिला नियम असा कीं, कण लहान व पातळ असावा, आणि तो शक्य तितक्या वेगानें गोठवावा.

यावर कोणी म्हणेल, तर मग कण थेट द्रवरूप नायट्रोजनांत कां बुडवूं नये? त्याचा उत्कलनबिंदु शून्याखालीं १९६ अंश सेंटिग्रेड. त्याहून अधिक थंडी कशास हवी? त्याचें उत्तर रोजच्या तव्यावर मिळतें. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकिला तर तो लगेच आटत नाहीं. आपल्याच वाफेच्या गादीवर तो नाचत राहतो, कारण ती वाफ तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत लवकर पोंचूं देत नाहीं. नायट्रोजनच्या दृष्टीनें आपल्या शरीराचा कण हाच तापलेला तवा होय. त्याच्या भोंवतीं वायूचें आवरण तयार होतें व गोठण्याचा वेग मंदावतो. म्हणून संशोधनशाळांत आयसोपेंटेन नांवाचा द्रव नायट्रोजननें सुमारें उणे १५० अंशांपर्यंत थंड करून त्यांत कण बुडवितात. हा द्रव कणास स्पर्श करतांच उकळत नाहीं. त्यामुळें थंडी सर्व बाजूंनीं एकदम लागते. रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या घाईंत बहुधा शीतपेटींतील अतिथंड फळीवरच काम उरकतात आणि वरून थंड धातूचा ठोकळा दाबून कणांतील उष्णता ओढून घेतात.

आज बहुतेक प्रयोगशाळांत जें आधारद्रव्य वापरितात त्याचें पूर्ण नांव ऑप्टिमल कटिंग टेंपरेचर कंपाउंड, आणि बोलण्यांतलें नांव ओ. सी. टी. साध्या उष्णतेंत तें पारदर्शक, पाकासारखें दाट असतें; शून्याखालीं सुमारें दहा अंशांवर तें पांढरें व घट्ट होतें. त्यांत मुख्यतः पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिएथिलीन ग्लायकोल हे पाण्यांत विरघळणारे दोन पदार्थ असतात. बाकीचा मोठा भाग पाण्याचाच. नांवांत अल्कोहोल असलें तरी तो मद्यार्क नव्हे; तो खळीसारखा चिकट, लांब साखळ्यांचा पदार्थ आहे. नुसत्या पाण्याचा बर्फ ठिसूळ असतो व पात्याखालीं त्याच्या ठिकऱ्या उडतात. हे दोन पदार्थ मिसळल्यानें तोच बर्फ बारीक कणांचा व किंचित् लवचिक होतो, आणि त्याची अखंड चकती निघूं शकते.

येथें मेण आणि हें द्रव्य यांतील भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मेण कणाच्या आंत शिरून प्रत्येक पेशी भरून काढतें. ओ. सी. टी. आंत शिरत नाहीं. तें केवळ बाहेर उभें राहतें. कणाच्या आंत त्याचा स्वतःचा बर्फ, आणि बाहेर आधारद्रव्याचा बर्फ, अशी ही रचना असते. पातें या दोहोंतून एकाच ओघांत जातें. बाहेरचें कठीण आणि आंतलें मऊ असें झालें तर काप कडेला फाटतो. आंतलें कठीण आणि बाहेरचें मऊ असें झालें तर कण घरांतून निसटतो. म्हणून चांगल्या आधारद्रव्याची कसोटी ही कीं, त्याचा कठीणपणा कणाच्या कठीणपणाशीं जुळला पाहिजे. सर्व कौशल्य या जुळणींत आहे.

वडी थापणाऱ्या गृहिणीस हें निराळें समजावून देण्याची जरूर नाहीं. नारळाची वडी फार गरम असतांना कापली तर सुरीला चिकटून तिचा गोळा होतो. पार निवल्यावर कापली तर तिचा चुरा होतो. मधली एक वेळ असते, ती साधावी लागते. गोठलेल्या कणाचेंहि तसेंच आहे. शीतपेटी पुरेशी थंड नसेल तर काप चुरगळून पात्याला चिकटतो. फाजील थंड असेल तर कापावर तडा जातात, व आडव्या पट्ट्यापट्ट्या पडून तो खिडकीच्या झडपांसारखा दिसतो. शिवाय प्रत्येक अवयवाची वेळ वेगळी. मेंदू, यकृत, प्लीहा हे मऊ व रसाळ अवयव उणे १० ते १५ अंशांवर चांगले कापले जातात. स्नायूंस आणि त्वचेस उणे २० च्या आसपासची थंडी हवी. चरबीची गोष्ट सर्वांत अवघड. तींत पाणी थोडें आणि तेल फार. त्यामुळें ती उणे २५ ते ३५ अंशांपर्यंत नेल्याशिवाय नीट घट्ट होत नाहीं. स्तनाच्या कणांत चरबी आणि कठीण गांठ एकत्रच असतात. एकीस मानवणारी थंडी दुसरीस मानवत नाहीं. म्हणून अनुभवी मनुष्य निरुपयोगी चरबी आधींच कातरून टाकितो.

प्रत्यक्ष कृति अशी. शस्त्रगृहांतून कण कोरडा यावा लागतो; मिठाच्या पाण्यांत भिजवून आणलेल्या कणावर बर्फाचे मोठे स्फटिक धरतात. कण आल्यावर त्यावरील पाणी व रक्त हलकेच टिपून घेतात. धातूच्या थंड चकतीवर आधारद्रव्याचा थर घालतात आणि तो गोठूं लागतांच कण त्यावर असा बसवितात कीं, जी बाजू पाहावयाची ती सपाट वर येईल. जिभेच्या कडेचा तुकडा असेल तर कोणती बाजू रोग्याच्या जिभेस लागून होती तें शाईनें खुणावलेलें असतें. कण उलटा बसला तर काप कितीहि सुंदर निघाला तरी उत्तर चुकीच्या प्रश्नाचें मिळतें. मग वरून आधारद्रव्य ओततात. त्यांत हवेचा बुडबुडा राहतां कामा नये, कारण बुडबुडा म्हणजे आधारांतील खड्डा, आणि पातें तेथें अडखळतें. त्याचप्रमाणें द्रव्य अवाजवी जाड ओतूं नये. जाड आवरण थंडीला अडवितें आणि आंतील कण सावकाश गोठतो. आधार देणारेंच द्रव्य असें अपाय करूं शकतें.

गोठलेला ठोकळा यंत्रांत बसवून सुमारें पांच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरिला तर त्याच्या जाडींत असे चौदा काप मावतील. इतका पातळ काप पात्यावरून येतांना गुंडाळला जातो, म्हणून त्यावर कांचेची एक पट्टी टेंकवून ठेवितात व तिच्याखालून तो सरळ उतरवितात. नंतर बाहेरच्या उष्णतेंतील कांचपट्टी त्याच्या जवळ नेतांच काप वितळून तिला आपोआप चिकटतो. तो क्षणाचाहि विलंब न लावतां अल्कोहोलासारख्या स्थिरकारक द्रवांत बुडवावा लागतो; हवेंत वाळला तर पेशी पसरतात आणि त्यांचीं केंद्रें फुगून खोटीं दिसूं लागतात. पुढें पाण्यानें धुतांच आधारद्रव्य विरघळून जातें. हिमॅटॉक्झिलिननें पेशींचीं केंद्रें निळीं व इओसिननें बाकीचा भाग गुलाबी रंगला कीं कांचपट्टी सूक्ष्मदर्शकाखालीं जाते. द्रव्य पुरतें धुतलें गेलें नाहीं तर रंग गढूळ होतो.

तरीहि एकच आधारद्रव्य सर्व कामांस चालत नाहीं. स्नायूंचे विकार तपासतांना कित्येक प्रयोगशाळा कण ट्रॅगाकँथ नांवाच्या डिंकावर उभा करितात आणि त्याचा बहुतेक भाग उघडा ठेवून आयसोपेंटेनमध्यें गोठवितात, म्हणजे थंडी थेट स्नायूस लागते. संशोधनासाठीं आधींच फॉर्मॅलिनसारख्या द्रव्यांत मुरविलेलें पेशीजाल असेल तर तें साखरेच्या शेंकडा ३० पाकांत बुडवून ठेवितात. आरंभीं तरंगणारा तुकडा साखर आंत भिनल्यावर तळाशीं बसतो. नुसत्या पाण्याचा बर्फ खडबडीत आणि साखर घातलेली कुल्फी मऊ कां लागते, याचें एक कारण येथेंहि लागू पडतें: साखर मोठे स्फटिक होऊं देत नाहीं. कापांतील द्रव्यांचें रेणूच्या वजनावरून पृथक्करण करणारी जी नवी यंत्रें आहेत, त्यांस ओ. सी. टी. मुळींच खपत नाहीं. त्यांतील पॉलिएथिलीन ग्लायकोलाची खूण इतकी प्रबळ उमटते कीं पेशींचा स्वतःचा आवाज तींत बुडून जातो. तेथें जिलेटिन किंवा कार्बॉक्सिमेथिल सेल्युलोज पत्करावें लागतें. काय विचारावयाचें आहे तें आधीं ठरवावें आणि मग आधारद्रव्य निवडावें, हाच त्याचा अर्थ.

गोठविलेल्या कापाचा एक गुण मात्र मेणाच्या कापांत नाहीं. अल्कोहोल आणि झायलीन यांत पेशींतील स्निग्ध पदार्थ विरघळून जातात. मेणाच्या उष्णतेनें अनेक किण्वद्रव्यें मरतात. थंडींत हीं टिकतात. म्हणून पेशींतील चरबी रंगवून दाखवावयाची असेल किंवा किण्वद्रव्यांचें काम पाहावयाचें असेल तर घाई नसतांनाहि गोठविलेला काप काढतात.

या पद्धतीच्या मर्यादाहि स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हाडासारखा कठीण कण ती कापूं शकत नाहीं. गांठ अगदीं इवलीशी असेल तर ती गोठवूं नये. स्फटिकांनीं एकदां केलेली इजा पुढें मेणांतहि भरून येत नाहीं, आणि तपासण्यास दुसरा कण उरत नाहीं. थायरॉइड ग्रंथीच्या कांहीं गांठींत घातकपणा ओळखण्यासाठीं गांठीचें सबंध आवरण तपासावें लागतें. घाईच्या एक-दोन कापांनीं तें साधत नाहीं. आणखी एक धोका काम करणाराचा. थंडीनें जंतु मरत नाहींत. क्षयाचा कण गोठवून कापिला तर त्याचे जंतु शीतपेटींत जिवंतच असतात. म्हणून संशय असेल तेथें काप न काढणेंच श्रेयस्कर, आणि काढल्यास पेटीचें निर्जंतुकीकरण अवश्य.

म्हणून सावध विकृतिशास्त्रज्ञ गोठविलेल्या कापावर आपला अंतिम शब्द खर्चीत नाहीं. काप निघाल्यावर उरलेला गोठलेला कण वितळवून फॉर्मॅलिनमध्यें टाकितात व तो मेणाच्या जुन्या, संथ मार्गानें जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं दोन्ही काप शेजारीं शेजारीं ठेवून पाहतात. बहुतेक वेळां दोहोंचा अभिप्राय एकच असतो. जेथें तो भिन्न निघतो तेथें दोष कोठें होता तें शोधितात: कण भलत्याच जागेचा घेतला होता काय, बर्फाच्या भोंकांनीं पेशी विरूप केल्या होत्या काय, कीं चरबीचा भाग पात्यापुढें टिकला नव्हता. संशय राहिला तर विकृतिशास्त्रज्ञ शस्त्रवैद्यास तसें स्पष्ट कळवितो आणि निर्णय मेणाच्या कापावर सोडतो. 'थांबावें' हाहि अशा वेळीं एक उपयुक्त अभिप्राय असतो.

रोग्याच्या कागदावर शस्त्रवैद्याचें नांव असतें, अभिप्राय देणाऱ्याचीहि सही असते. ज्या तंत्रज्ञानें कण टिपून कोरडा केला, योग्य बाजू वर ठेविली, बुडबुडा राहूं दिला नाहीं आणि पेटीची थंडी दोन अंशांनीं वाढवावी कीं घटवावी हें पहिला काप पाहूनच ओळखलें, त्याचें नांव तेथें बहुधा नसतें. आधारद्रव्य तर काप रंगण्यापूर्वींच पाण्याबरोबर वाहून गेलेलें असतें. परंतु त्या दोघांनीं आपलें काम नीट केलें नसेल, तर सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या मोठ्यांतल्या मोठ्या पंडितासहि भोंकांखेरीज कांहीं दिसणार नाहीं.